रंध्यावरचं नाव

जून म्हणजे आम्हा शिक्षकांचा फॉर्म भरण्याचा महिना. पाचवीचे प्रवेश चालू होते. एका मुलाचे वडील समोर बसलेले. नखांत वाळलेलं फेविकॉल, मनगटावर लाकडाची पूड, आणि कानामागे काढायची राहून गेलेली पेन्सिल. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्याशी आले तेव्हा मी विचारायचं म्हणून विचारलं, "सुतारकाम ना?" त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, "टीचर, बिझनेस लिख दो ना."

मी 'बिझनेस' लिहिलं.

त्यांना काही सुनावण्याचा मला अधिकारच नव्हता. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना पाहुण्यांनी आजोळाविषयी विचारलं, तेव्हा अम्मीने सांगितलं होतं की तिचे अब्बा लाकडाच्या कारोबारात होते. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझं बीएड झालेलं होतं, बोलता येत होतं, पण बोलले नाही. नाना लाकडाच्या कारोबारात नव्हते. नाना सुतार होते. मालेगावात विणकरांच्या मागाची दुरुस्ती करायचे, धोटे बनवायचे, आणि मागाचं काम कमी असलं की दारांच्या चौकटी आणि कपाटं.

त्यांच्या औजारांपैकी एकच वस्तू माझ्याकडे आली आहे, एक लाकडी रंधा. तो साधा रंधा नाही. साध्या रंध्याचा तळ सपाट असतो, याचा तळ नक्षीत कापलेला आहे. एक फुगवटा, त्याला लागून एक खोलगट वळण, मग एक बारीक पायरी. नाना त्याला 'गोला-गलत्याचा रंधा' म्हणायचे. गोला म्हणजे फुगीर, गलता म्हणजे खोलगट. चौकटीच्या कडेवरून तो पुन्हा पुन्हा फिरवला की तळाच्या उलट आकार लाकडात उतरतो. आपण ज्याला कंगोरा म्हणतो तो असा तयार होतो. 'या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत' असं अग्रलेखात लिहिणाऱ्या किती जणांनी खरा कंगोरा निघताना पाहिला असेल, कोण जाणे.

इथे भाषेच्या शिक्षिकेला थोडं बोलू द्या. कंगोरा फारसीतून आला. रंधाही फारसीच, मूळ 'रंदा'. इराणात आजही हा शब्द सुताराच्या औजाराला वापरतात आणि स्वयंपाकघरातल्या किसणीलाही. काटकोन तपासायचा गुण्या फारसीतूनच आपल्याकडे आला आणि त्याचं मूळ थेट ग्रीकमधल्या 'कोन' या अर्थाच्या शब्दापर्यंत जातं. मराठी सुताराच्या पिशवीत हे शब्द शेकडो वर्षं करवत आणि पटाशीच्या शेजारी पडून आहेत. त्यांना कोणी नागरिकत्वाचा दाखला मागितलेला नाही.

तर हा रंधा. त्याच्या पात्यावर पुसट इंग्रजी अक्षरं आहेत. भिंगातून पाहिलं तर 'कास्ट स्टील' आणि 'शेफिल्ड' एवढं वाचता येतं. म्हणजे पातं विलायतेतून आलेलं आणि बाभळीचा ठोकळा नानांनी स्वतः कोरलेला. पात्यावर गाव आहे, ठोकळ्यावर काहीच नाही. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. अंगठा टेकून टेकून झिजलेली एक जागा आहे, तेवढीच.

त्या 'शेफिल्ड'वरून मी शोधायला लागले आणि अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊन पोचले. हे रंधे तिथे फार मोठ्या प्रमाणावर बनत. त्या काळात घर म्हटलं की दाराची चौकट, खिडकी, छताखालची पट्टी, जिन्याची कड, कपाटाचा माथा, सगळीकडे कंगोरे, आणि ते सगळे हाताने काढायचे. एका रंध्याने एकच आकार निघतो, त्यामुळे चांगल्या सुताराकडे डझनावारी रंधे असत. गोल आणि खोलगट तळाच्या रंध्यांच्या तर जोड्याच मिळत. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक दिलेल्या 18 जोड्या, म्हणजे 36 रंधे, हा पूर्ण संच. ज्याला तेवढं परवडत नसे तो एकाआड एक क्रमांक घेऊन 9 जोड्यांत भागवत असे.

हे रंधे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे. ते लाकूड घट्ट, दाणा बारीक, आणि योग्य दिशेने चिरलं तर फारसं वाकत नाही. तळाचा जो भाग लवकर झिजेल तिथे बॉक्सवुडची पट्टी बसवलेली असते, ते लाकूड त्याहून कठीण. स्क्रू कुठेही नाही. पातं एका लाकडी पाचरीने अडकवलेलं असतं. पात्याच्या वरच्या टोकावर हलकी टिचकी मारली की पातं खाली सरकतं, रंध्याच्या मागच्या बाजूला ठोकलं की मागे येतं. हे मला वाचून कळलं तेव्हा नानांच्या ओसरीवरचा तो 'टक, टक' आवाज एकदम आठवला. ते रंधा कानाजवळ धरून ठोकतात असं मला लहानपणी वाटायचं. खरं तर ते डोळ्याजवळ धरून तळावरून नजर टाकत असत, पातं किती बाहेर आलं ते बघायला.

इंग्लिश रंधा किंचित कलता धरायचा असतो. किती कलता, ते सांगणाऱ्या दोन रेषा पुढच्या टोकावर कापलेल्या असतात. सुरुवातीला अगदी बारीक दोऱ्यासारखी ढलपी निघते, कारण पात्याचा एखादाच भाग लाकडाला लागलेला असतो. प्रत्येक फेरीला ढलपी रुंदावत जाते. शेवटी पूर्ण रुंदीची, नक्षीच्याच आकाराची ढलपी बाहेर पडते आणि मग रंधा कापायचाच थांबतो, कारण तळातच एक पायरी अशी असते की ती लाकडाला टेकली की पुढे जाता येत नाही. कुठे थांबायचं हे औजारातच घडवलेलं. छताखालच्या रुंद पट्टीचा रंधा मात्र एकट्याने रेटत नसे. पुढे दोर किंवा दांडा बांधून शागिर्द ओढायचा आणि मागून उस्ताद ढकलायचा.

पण मला थांबवून ठेवलं ते या रंध्यांच्या कपाळाने. पुढच्या टोकावर बनवणाऱ्याच्या नावाचा ठसा मारायची तिथे पद्धत होती. नुसती खूण नाही, सरळ अक्षरांत नाव. त्याच्या वर, खाली, बाजूला, जागा मिळेल तिथे वापरणाऱ्यांची नावं. बाप गेला की मुलाने आपला ठसा मारायचा, विकला की घेणाऱ्याने आपला. एकेका रंध्यावर तीन-चार पिढ्यांची नावं सापडतात. सुतारांची नावं! ज्यांची नावं एरवी बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदीशिवाय कुठे येण्याचं कारण नव्हतं, अशा माणसांची. याच ठशांवरून रंधे बनवणाऱ्यांची मोठी सूची तयार झाली. डब्ल्यू. एल. गुडमन यांचं ते पुस्तक 1968 साली आलं. लंडनच्या जुन्या कारागिरांमध्ये रॉबर्ट वुडिंग आहे आणि त्याच्या पश्चात तोच धंदा चालवणारी त्याची विधवा ॲनही आहे.

केंट परगण्यातल्या चॅटमचा बेंजामिन सीटन हा सुताराचा मुलगा. त्याच्या वडिलांनी 1796 च्या डिसेंबरात लंडनच्या ख्रिस्तोफर गेब्रिएलकडून त्याला औजारांचा भलामोठा संच घेऊन दिला. मुलाने त्यासाठी एक देखणी पेटी बनवली आणि 1797 मध्ये सगळ्या औजारांची यादी स्वतः लिहून ठेवली. ती पेटी आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. औजारं जवळजवळ नवी दिसतात, कारण ती फारशी वापरलीच गेली नाहीत. जगातली सर्वांत नामांकित सुतारपेटी ही सर्वांत कमी काम केलेली पेटी असावी, याचं मला हसूही आलं.

पण ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला बसले तो इंग्लंडचा नाही. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, रेंथम नावाच्या गावचा. तिथे फ्रान्सिस निकल्सन (1683-1753) रंधे बनवत असे. अमेरिकेत रंधे बनवणारे म्हणून ज्यांची कागदोपत्री नोंद सापडते त्यांत तो पहिला मानला जातो. बीच नाही तर पिवळ्या बर्चचे रंधे, आणि कपाळावर ठसा, 'एफ. निकल्सन, लिव्हिंग इन रेंथम'. या निकल्सनच्या घरात सीझर चेलर नावाचा एक काळा माणूस होता. नोकर नव्हे, गुलाम. म्हणजे कायद्याने तो रंध्यासारखीच निकल्सनची एक वस्तू.

सीझर हे काम त्या कारखान्यात शिकला. लाकूड चिरणं, सुकवणं, पात्यासाठी तिरकी खाच कोरणं, तळाचा आकार काढणं. वर्षानुवर्षं तिथून जे रंधे बाहेर पडले त्यांवर निकल्सनचा ठसा होता. आज कोणी असा रंधा हातात घेतला तर त्यातली कोणती खाच मालकाने कोरली आणि कोणती गुलामाने, हे लाकूड सांगत नाही. ठसा एकाचंच नाव सांगतो.

1753 मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्रात त्याने सीझरला मुक्त केलं, आणि नुसतं मुक्त केलं नाही. त्याचा बिछाना, पेटी, कपडे, कामाचा बाक, औजारं, दहा एकर जमीन आणि औजारं बनवायच्या लाकडातला वाटाही त्याला दिला. यात मालकाचा मोठेपणा किती आणि आयुष्यभराच्या न दिलेल्या मजुरीची जाणीव किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी त्याला दान म्हणणार नाही.

त्यानंतर रेंथममधून नव्या ठशाचे रंधे निघू लागले. 'सीई. चेलर, लिव्हिंग इन रेंथम'.

हा शिक्का मी पहिल्यांदा फोटोत पाहिला तेव्हा बराच वेळ पाहत राहिले. शब्दरचना मालकाच्या ठशाचीच आहे, तिथल्या धंद्याची रीत म्हणूनही त्याने ती उचलली असेल. पण ज्या माणसाचं 'राहणं' काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या मालमत्तेत मोडत होतं त्याने 'रेंथममध्ये राहतो' असं लोखंडी ठशाने लाकडावर उमटवणं, आणि तो रंधा गोऱ्या सुतारांनी विकत घेऊन रोज त्या नावावर हात टेकून काम करणं, हे मालकाने उमटवण्यासारखं नाही. चेलरने पुढे लग्न केलं, संसार केला, आणि 1784 मध्ये वारेपर्यंत हाच धंदा केला. उत्तर अमेरिकेतला, ज्याची नोंद सापडते असा तो पहिला काळा औजारकार मानला जातो. त्याचा पुतळा नव्हता, आत्मचरित्र नव्हतं. नाव टिकलं ते औजारावर मारल्यामुळे.

हे वाचताना मला सारखी एक हदीस आठवत राहिली. मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी मिंबर बनवला गेला तो एका अन्सारी स्त्रीच्या गुलामाने. तो सुतार होता. लाकूड झाऊचं, गाबाच्या रानातून आणलेलं. बुखारीत हे सगळं येतं. लाकूड कोणतं, ते कुठून आलं, हे आपल्याला ठाऊक आहे. सुताराच्या नावावर मात्र रिवायतींचं एकमत नाही, कोणी एक सांगतं, कोणी दुसरं. दर शुक्रवारी जगातल्या लाखो मिंबरांवरून खुतबा होतो, आणि पहिल्या मिंबराच्या कारागिराचं नाव आपण नक्की सांगू शकत नाही. तोही गुलामच होता. तेव्हा अमेरिकेकडे बोट दाखवताना आपणही थोडं सांभाळून बोललेलं बरं.

आपल्या व्याख्यानांत हुनरची तारीफ भरपूर असते. हजरत नूह यांनी जहाज बांधलं, हजरत दाऊद चिलखतं बनवायचे, हजरत जकरिया सुतार होते, हे मौलाना सांगतात आणि आपण 'सुबहानअल्लाह' म्हणतो. ताजमहालाचा अभिमान तर विचारूच नका. ताजवर खुशनवीस अमानत खानची सही आहे, कारण तो लेखणीचा माणूस होता आणि दरबारी होता. दगड घडवणाऱ्यांनी मागे सोडल्या त्या चांदणी, मासा, त्रिकोण अशा खुणा. मग मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा सुतार आहे म्हटलं की आपल्याच घरात शांतता पसरते. आपल्यात जातपात नाही असं मिंबरावरून सांगणारा समाज लग्नाच्या बोलणीत मात्र शेख-सय्यद आणि जुलाहा-पिंजारी हा फरक कसा काटेकोर पाळतो, ते मी नव्याने सांगायला नको.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. 'तुम्ही शिक्षिका, तुम्हाला सुतारकामाचं कौतुक परवडतं. आमच्या मुलांनी काय रंधाच मारत बसायचं?' हा प्रश्न खोटा नाही. नानांना म्हातारपणी सतत खोकला होता, आणि इतक्या कामानंतर हातात काय राहिलं ते अम्मीने पाहिलं होतं. तिने मला शिकवलं ते त्या ओसरीतून बाहेर काढायलाच. माझा मुलगा उद्या म्हणाला की मी सुतार होतो, तर मी काही लगेच पेढे वाटणार नाही. शिवाय हे काम हाताने करायची गरजही आता उरलेली नाही. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच वाफेच्या यंत्रांनी कंगोऱ्याच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली आणि लाकडी रंधे मागे पडत गेले. आपल्याकडे आता प्लायवुडच्या दुकानात तयार बिडिंग पट्टी मिळते, नाहीतर राउटर मशीन आहे. विलायतेत जुने रंधे दिवाणखान्यात शोभेला मांडतात. चेलरचे रंधे तर संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

माझं म्हणणं धंदा चालू ठेवा असं नाहीच. धंदा सोडा, खुशाल सोडा. नाव पुसू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

नाव पुसण्याची किंमत भावनेपुरती असती तर मी एवढं ताणलं नसतं. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक कष्टकरी मुस्लिम समाजांना ओबीसीच्या सवलती आहेत. दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात, आणि तो पुरावा बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत शोधावा लागतो. जुनं रजिस्टर उघडलं की जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान'. कधी गुरुजींनी विचारलं नाही, कधी आजोबांनी सांगितलं नाही, कधी सांगायची लाज वाटली. आता नातू कॉलेजच्या प्रवेशाची तारीख उलटून जाईपर्यंत तहसील कचेरीत फेऱ्या मारतो. दर वर्षी अशी दोन-तीन मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, "टीचर, जुन्या रजिस्टरमध्ये काही सापडेल का?" बहुतेकदा सापडत नाही. आणि मीच यंदाच्या जूनमध्ये एका सुताराच्या मुलाच्या फॉर्मवर 'बिझनेस' लिहून बसले. व्यवसायाचा रकाना म्हणजे जातीचा दाखला नव्हे, हे मला माहीत आहे. पण पन्नास वर्षांनी कोणी रजिस्टर उघडून बसलं तर त्याला आमच्याविषयी काय कळणार? की गावभर नुसते बिझनेसवाले राहत होते.

जुलैत ते वडील मुलाचं आधार कार्ड द्यायला आले. नानांचा रंधा त्या दिवशी मी वर्गात दाखवायला आणला होता, टेबलावरच होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो उचलला, डोळ्याजवळ नेऊन तळावरून नजर टाकली, टेबलाच्या कडेवर मागची बाजू दोनदा ठोकली, पाचर सैल केली आणि पातं बाहेर काढलं. माझ्याकडे हा रंधा इतकी वर्षं आहे, मला ते पातं कधी निघालं नव्हतं. "किसका है?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नानांचा. सुतार होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला, म्हणाले लोखंड चांगलं आहे, गंज वरवरचा आहे, धार लावून देतो. चिमटीत धरून पातं रुमालात गुंडाळलं. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं. रजिस्टरमधली नोंद बदलायची तर पालकाचा अर्ज लागतो आणि मुख्याध्यापकांची सही. कोरा अर्ज ड्रॉवरमध्ये होताच, तो पुढे केला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "देखता हूँ, टीचर."

पातं पुढच्या आठवड्यात मुलाबरोबर परत आलं, धार अशी की कागद कापावा. अर्ज अजून आलेला नाही.